पामचं रोप पिवळं पडतंय? आधी कुठलं पान ते बघा, मग बाकीचं

पामच्या छोट्या रोपाचं एखादं पान पिवळं दिसलं की आपला हात एकतर पाण्याच्या भांड्याकडे जातो नाहीतर खताच्या डब्याकडे, आणि निम्मा घोळ तिथेच होतो. पिवळं पडणं हा काही एक रोग नाही. ताप जसा सतरा कारणांनी येतो तसंच आहे हे, आणि त्यातली काही कारणं तर एकमेकांच्या बरोब्बर उलटी, म्हणजे पाणी जास्त झालं तरी पान पिवळं आणि कमी झालं तरी पिवळं, उजेड कमी पडला तरी पिवळं आणि ऊन एकदम जास्त लागलं तरी फिकट. त्यामुळे अंदाजाने केलेला उपाय लागू पडण्याइतकाच अंगावर यायचाही चान्स असतो.

म्हणून काही करण्याआधी कुंडी उजेडात आणा आणि तीन गोष्टी बघा. पिवळं झालेलं पान सगळ्यात जुनं आहे का सगळ्यात नवं. पिवळेपणा पानावर नेमका कुठे आहे, टोकाला, कडेने, शिरांच्या मधे, ठिपक्याठिपक्यांनी, का अख्ख्या पानावर सारखा. आणि तिसरं, जे बहुतेक लोक बघतच नाहीत, कुंडीत तळाशी माती कशी आहे, कारण वरचा एक इंच वाळलेला दिसला म्हणून खाली काय चाललंय ते काही कळत नाही.

जुनं पान आणि नवं पान ओळखणं पाममधे फार सोपं आहे. पाम एकदल झाड, एका खोडाला वाढीचा एकच डोळा असतो, तो मधोमध देठांच्या आत गुंडाळलेला. नवं पान कायम तिथूनच येतं, मिटलेल्या भाल्यासारखं सरळ वर, आणि मग उघडतं, आणि आधीची पानं बाहेरच्या बाजूला सरकत जातात. म्हणजे सगळ्यात बाहेरचं, खालचं पान जुनं आणि मधलं टोकदार ते नवं, बास. फक्त एक लक्षात ठेवा, अरेका पाम किंवा पार्लर पामची जी गच्च भरलेली कुंडी मिळते ना, ती बऱ्याचदा एक झाड नसून एकत्र दाटीने लावलेली पुष्कळ रोपं असतात. त्यात मधली दबलेली, उजेड न मिळालेली चार-दोन रोपं पिवळी होऊन मरणारच. तिथे आजार शोधत बसू नका, ती मेलेली रोपं बुडातून कात्रीने कापून टाका, उपटू नका, शेजारच्यांची मुळं तुटतात.

आता जुन्या-नव्याला एवढं महत्त्व का, तर झाडाच्या आत काही अन्नद्रव्यं हलवता येतात आणि काही नाही. नत्र म्हणजे नायट्रोजन, पालाश म्हणजे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानातून ते काढून नव्या पानाला देतं, म्हणून यांच्या कमतरतेत जुनं पान आधी पिवळं होतं. लोह, मँगनीज, बोरॉन एकदा पानात जाऊन बसले की तिथेच राहतात, झाडाला ते परत काढता येत नाहीत, म्हणून यांची कमतरता थेट नव्या पानावर दिसते आणि जुनी पानं मस्त हिरवीगार असतात. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नायट्रोजनचे चार. लोह त्या रेणूत नसतं पण तो रेणू तयार करायला लागतंच. आणि पिवळा रंग काही नव्याने येत नाही, पिवळी द्रव्यं पानात आधीपासूनच असतात, हिरवं कमी झालं की ती उघडी पडतात एवढंच.

सगळ्यात खालचं एकच पान, हळूहळू, टोकाकडून देठाकडे पिवळं होत सुकतंय आणि मधून नवा कोंब जोरात येतोय, तर काहीच करायचं नाही. ते पान म्हातारं झालंय. रोपाची पहिली एक-दोन पानं तर मुळातच साधी, पट्टीसारखी नाहीतर दोन भागांत चिरलेली असतात, ती थोड्या दिवसांची पाहुणी, त्यांच्यासाठी जीव टाकायची गरज नाही.

पण बी संपल्यावरचा पिवळेपणा वेगळा, आणि हा रोपांमधेच दिसतो, मोठ्या झाडात नाही. पामचं रोप उगवल्यावर बराच काळ बियातल्या साठ्यावर जगतं. नारळाचं रोप तर जवळपास वर्षभर आतल्या खोबऱ्यावर ताव मारत असतं, बारीक बियांच्या पामचा साठा फार लवकर संपतो. तोपर्यंत नुसत्या कोकोपीटमधेही, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातही, रोप झकास दिसतं आणि आपल्याला वाटतं वा, याला काहीच लागत नाही, आणि मग एक दिवस सगळी पानं फिकट पोपटी व्हायला लागतात, जुनी जास्त, नवी थोडी कमी, डाग नाहीत, रेषा नाहीत, नुसता रंग उतरलेला. हे नत्र कमी पडल्याचं लक्षण. कोकोपीटमधे नत्र जवळपास नसतंच. इथे मात्र खत हाच उपाय आहे, आणि हे लवकर सुधारतं. अजून एक, रोपाला चिकटलेलं बी कुजकं दिसलं तरी ओढून काढू नका. बऱ्याच जातींमधे बी आणि रोप यांच्यामधे एक दांडी असते, खजुरासारख्यात तर बी एकीकडे आणि रोप दोन-तीन इंच खाली किंवा बाजूला उगवतं, ती दांडी तुटली की रसद बंद.

पाणी, म्हणजे खरं तर हवा

घरात ठेवलेल्या पामच्या रोपांची पिवळी पानं बघायला घेतली तर पहिला संशय मुळांवरच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. खतावर नाही. लोक म्हणतात ओव्हरवॉटरिंग झालं, पण पाण्याने मूळ मरत नाही, हवा न मिळाल्याने मरतं. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मिळत नाही, मूळ गुदमरतं, आणि मग पिथियम, फायटोफ्थोरासारख्या मुळकूज करणाऱ्या जिवांना आयतं रान मिळतं. मूळच काम करत नसेल तर कुंडीत कितीही पाणी आणि खत असू दे, वर पोचत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं रोप तहानल्यासारखं दिसतं. आणि ते तहानलेलं दिसतंय म्हणून आपण अजून पाणी घालतो. इथेच रोप जातं.

रोपाला हवा असतो तो वाफसा, माती ओलसर पण हाताला भुसभुशीत, पाण्याबरोबर हवाही खेळती. जमिनीत पाणी खाली खाली जात राहतं पण कुंडीत ते तळाला येऊन थांबतं, आणि भोक असलं तरी तळाच्या मातीचा एक थर निथळून झाल्यावरही चिंब राहतो. या थराची उंची माती किती बारीक आहे त्यावर ठरते, कुंडी किती खोल आहे त्यावर नाही. बारीक, चिकट माती असेल तर थर जाड, भरड मिक्स असेल तर पातळ. आणि म्हणूनच तळाशी खडे किंवा खापऱ्या भरल्याने निचरा सुधारतो हा जो सगळीकडे ठोकून सांगितलेला सल्ला आहे तो चुकीचा आहे. पाणी बारीक मातीतून खड्यांच्या मोठ्या पोकळीत पटकन उतरत नाही, ते वरच्या मातीतच अडून बसतं, म्हणजे तो चिंब थर जिथे तळाला होता तो खड्यांची उंची जेवढी तेवढा वर मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा माती वाहू नये म्हणून, बाकी अख्खी कुंडी एकाच भरड मिक्सने भरा.

तपासायला बांबूची बारीक काडी कडेने तळापर्यंत खुपसा, पाच-दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून गालाला लावा, थंड-ओली लागली आणि माती चिकटली असेल तर पाणी नको. त्याहून भारी म्हणजे वजन. पाणी घालून पूर्ण निथळल्यावर कुंडी उचलून बघा किंवा काट्यावर ठेवून आकडा कुंडीवरच मार्करने लिहून ठेवा, आणि काडी अर्ध्यापर्यंत कोरडी निघाली त्या दिवशी परत वजन करून दुसरा आकडा लिहा. पुढे त्या दोन आकड्यांमधेच खेळायचं. दर सोमवारी एक पेला वगैरे हिशोब डोक्यातून काढून टाका, रोपाला वार कळत नाही.

शंका असेल तर सरळ कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर सरकवा, रोपाला खेचायचं नाही, कुंडीला थोपटायचं. निरोगी मूळ पांढरं किंवा मळकट पांढरं, टोकं पांढरी, दाबलं तर टणक. जुनी मुळं तपकिरी असतात पण टणक असतील तर ती ठीकच आहेत, घाबरू नका. कुजलेलं मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. आणि वास. चांगल्या मातीला मातीचाच वास येतो, गटारासारखा आंबट-कुजका वास आला की अजून पुरावा नको.

असं सापडलं तर मऊ पडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, पण टणक मुळं विंचरून सोडवत बसू नका. पामची मुळं झुडपांसारखी नसतात, ती जाड होत जात नाहीत, नवी मुळं खोडाच्या बुडातूनच निघतात, आणि बऱ्याच जातींमधे तुटलेलं मूळ परत फांद्या फोडण्याऐवजी मागेपर्यंत मरून जातं. मग उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच छोटी कुंडी घ्या. मोठी कुंडी म्हणजे मोकळं घर असं आपल्याला वाटतं, पण जिथे मुळं नाहीत तिथली माती पाणी धरून बसते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. मिक्समधे निम्मं तरी भरड काहीतरी असू दे, परलाइट (पांढरे, हलके, फुगवलेल्या खनिजाचे दाणे), जाडी वाळू, नारळाच्या सालीचे तुकडे, झाडांच्या सालींचा चुरा, जे मिळेल ते. लावताना खोडाचं बूड मातीच्या पातळीलाच ठेवा. रोप डुलतंय म्हणून दोन इंच खाली गाडलं की मुळांना हवा कमी पडते आणि पुढे नवं पान पिवळं निघतं. डुलत असेल तर काडीचा आधार द्या. आणि या सगळ्यात नवं पान दिसेपर्यंत खत अजिबात नाही.

शोभेच्या बाहेरच्या कुंडीत आतली प्लास्टिकची कुंडी ठेवली असेल तर ती आत्ता उचलून बघा. तळाला दोन बोटं पाणी साठलेलं असणं हे इतकं कॉमन आहे की बाकी सगळं वाचायच्या आधी तेवढं केलं तरी चालेल.

पाणी कमी पडलं तर पानांची टोकं आणि कडा आधी कुरकुरीत तपकिरी होतात, मग खालची पानं पिवळी होऊन वाळतात, माती कडेने कुंडीपासून सुटते, कुंडी उचलली तर हलकी फुल्ल. कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी धरत नाही, वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट ताटलीत, आणि आपण खूश की बघा किती छान निचरा. अशावेळी अख्खी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यायची.

उजेड आणि पाणी ही वेगळी खाती नाहीत

आपल्या डोळ्यांनी खोलीतला उजेड मोजता येत नाही, डोळा लगेच जुळवून घेतो आणि सगळंच लख्ख वाटतं. लक्स हे उजेड मोजायचं एकक, उघड्यावर भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स असतं, चांगल्या खिडकीला लागून काही हजार, आणि तिथून सहा-आठ फूट आत गेलात की बऱ्याचदा दोनशे-तीनशे लक्स उरतो. फोनवर लाइट मीटरचं फुकट अ‍ॅप टाकून पानाच्या जागी धरून बघा, आकडा अगदी अचूक नसतो पण कोपऱ्यातला आणि खिडकीतला फरक बघून धक्का बसतो.

उजेड कमी म्हणजे पान कमी अन्न बनवतं, आणि ज्या पानाचा खर्च त्याच्या कमाईपेक्षा जास्त होतो ते झाड सोडून देतं, अर्थात जुनं आधी. नर्सरीतून आणलेल्या रोपाचं पहिल्या महिना-दोन महिन्यांत खालून पिवळं पडणं बहुतेक याच हिशोबाचं असतं. पण खरी गंमत पुढे आहे. कमी उजेडात रोप पाणीही कमी पितं. म्हणजे खिडकीत असताना जे पाणी बरोबर होतं तेच पाणी कोपऱ्यात नेल्यावर जास्त झालं, तुम्ही काहीच बदललं नाही तरी. ढगाळ दिवस सुरू झाले, थंडी आली, पडदा बदलला, समोर इमारत उभी राहिली, सगळ्याचा परिणाम शेवटी कुंडीच्या तळाशी ओल साचण्यात होतो. म्हणून जागा बदलली की पाण्याचं वेळापत्रक आपोआप रद्द झालं असं समजा.

केंटिया आणि पार्लर पाम कमी उजेड बऱ्यापैकी सहन करतात. सहन करतात म्हटलं, आवडतो म्हटलं नाही. मॅजेस्टी पाम, खजूर, वॉशिंग्टोनिया, नारळ यांची रोपं खोलीच्या आतल्या बाजूला दिवसेंदिवस झुरतच जातात, त्यांना खिडकीच्या काचेला चिकटून जागा पाहिजे नाहीतर ग्रो लाइट, म्हणजे झाडांसाठीचा खास दिवा, दिवसाला बारा-चौदा तास, आणि रात्री अंधार. आणि उलट बाजूने, कोपऱ्यातलं रोप दया आली म्हणून एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानाच्या उन्हाकडच्या भागावर पांढरट, गवताच्या रंगाचे चट्टे पडतात. ते करपणं आहे, ते भरून येत नाही. सावलीत तयार झालेलं पान उन्हाला फारसं सरावत नाही, पुढचं पान मात्र उन्हाच्या तयारीने येतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं पुढे सरकवायचं.

खताची गोष्ट, आणि ते एप्सम सॉल्ट

मुळं टणक आहेत, उजेड ठीक आहे, तरी पिवळं, मग अन्नद्रव्यांकडे या. इथे पानावरची जागा महत्त्वाची. जुन्या पानाच्या कडेने रुंद लिंबासारखा पिवळा पट्टा आणि मधला भाग हिरवागार, दोघांमधली सीमा स्पष्ट, तर मॅग्नेशियम. जुन्याच पानावर बारीक पिवळे-नारिंगी ठिपके, पान उजेडासमोर धरलं की ते ठिपके अर्धपारदर्शक दिसतात, आणि टोकं-कडा वाळत चाललेल्या, तर पालाश, पाममधे हे खूप होतं. नवं पान पिवळं, त्यात शिरा हिरव्या उठून दिसतात, तर लोह. नवं पान आखूड, उभ्या करपलेल्या रेषा घेऊन चुरगळल्यासारखं बाहेर येतंय, तर मँगनीज.

आता एप्सम सॉल्ट. पिवळं दिसलं की एक चमचा एप्सम सॉल्ट, हा सल्ला इतका फिरतो की त्यावर थोडं बोलायलाच पाहिजे. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात नत्र नाही, पालाश नाही, लोह नाही. कडेचा पिवळा पट्टा असेल तर जरूर घाला. पण पालाश कमी असताना वरून मॅग्नेशियम ओतलं तर मुळांवर दोघांची स्पर्धा होऊन पालाश अजून कमी शोषला जातो, म्हणजे आजार वाढवायला आपणच पैसे मोजले. पालाशच्या ठिपक्यांचं पान कापूनही टाकू नका बरं का, झाड त्यातूनच पालाश काढून वर पाठवत असतं, ते पान काढलं की झाड त्याच्या वरच्या पानातून ओढायला लागतं आणि पिवळेपणा वर चढतो. दिसायला कसंही दिसो, पूर्ण तपकिरी होईपर्यंत राहू दे.

लोहाच्या बाबतीत अजून एक गोम आहे. मिक्समधे लोह नसल्यामुळे नवं पान पिवळं पडतं असं क्वचित होतं. बहुतेक वेळा लोह असतं पण मुळांना घेता येत नाही, एकतर मुळं गुदमरलेली, नाहीतर रोप खोल लावलेलं, नाहीतर मातीचा पीएच चढलेला, म्हणजे मातीचा आंबटपणा कमी झालेला. पाममधल्या लोहाच्या कमतरतेचं मूळ बऱ्याचदा परत त्या चिंब थरातच सापडतं, म्हणून लोहाची बाटली उघडण्याआधी काडी खुपसून बघा. पीएच चढतो तो जड पाण्याने, त्यातले बायकार्बोनेट महिनोन्‌महिने साठत जातात. पामला थोडी आंबट माती बरी, पीएच साडेपाच ते साडेसहाच्या आसपास. लोह द्यायचंच तर चिलेटेड द्या, म्हणजे मुळांना घेता येईल असं दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं लोह, आणि डब्यावर कुठलं चिलेट आहे ते वाचा, ईडीटीए हे साधारण साडेसहाच्या वर कुचकामी होत जातं, ईडीडीएचए जास्त पीएचमधेही टिकतं. आरओचं पाणी वापरत असाल तर पीएचचा त्रास नाही पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास काहीच नसतं, आणि कोकोपीट हे दोन्ही स्वतःकडेच धरून ठेवतं, त्यामुळे आरओ आणि कोकोपीट या जोडीला कॅल-मॅग, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं द्रावण, नाहीतर तसं खत लागतंच.

नेहमीसाठी खत घेताना नत्र-स्फुरद (फॉस्फरस)-पालाशचं प्रमाण साधारण तीनास एकास दोन आणि सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यं असं बघा, स्फुरद पामला फार लागत नाही. डब्यावरच्या डोसच्या पाव ते निम्मं, रोप वाढत असताना, ओल्या मातीत. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं की मुळं भाजतात. डोस वाढवला म्हणून रोप पटापट वाढत नाही, क्षार साठतात, मग टोकं तपकिरी आणि त्याच्या आत पिवळी किनार, मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरी पापडी. असं असेल तर सिंकमधे ठेवून कुंडीच्या तीन-चार पट साधं पाणी सावकाश आरपार जाऊ द्या, म्हणजे एक लिटरची कुंडी असेल तर तीन-चार लिटर, आणि नीट निथळू द्या. टोकं सुकण्यात फ्लोराइडचाही हात असू शकतो, सुपर फॉस्फेटमधे ते असतं, पार्लर पामसारख्यांना ते सोसत नाही.

कीड, थंडी आणि जन्मजात

पान लांबून धुरकट पिवळं दिसतंय आणि जवळून बघितलं तर सुईने टोचल्यासारखे असंख्य बारीक फिकट ठिपके, तर पान उलटं करा. पांढरा कागद खाली धरून पानाला टिचकी मारा. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली तर ती धूळ नाही, लाल कोळी आहे. कोरड्या, उबदार हवेत हा आठवड्या-दीड आठवड्यात अंड्यातून पूर्ण वाढीला पोचतो, म्हणून एकदा फवारून भागत नाही. आधी पानांच्या खालच्या बाजू नळाखाली धुवा, मग लिटरला साधारण पाच मिली सौम्य लिक्विड साबण घालून फवारा, एका पानावर आधी करून बघा, नंतर साध्या पाण्याने धुवा, आणि दर पाच-सहा दिवसांनी हेच तीन-चार वेळा, कारण साबणाने अंडी मरत नाहीत. देठाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, देठाला चिकटलेले तपकिरी खवले नखाने निघतात ती खवले कीड, दोन्हीत बऱ्याचदा पान चिकट लागतं. साबणाचं पाणी मधल्या कोंबात साचू द्यायचं नाही, हे मात्र जपा.

उष्ण प्रदेशातल्या पामना दहा अंशाच्या खालची थंडी झेपत नाही, आणि एसीच्या थेट झोतातली पानंही कोरडी पडून टोकाकडून जातात. माती गार असली की मुळं लोह-मँगनीज नीट घेत नाहीत, त्यामुळे थंडीत आलेलं एखादं फिकट पान ऊब आल्यावर पुढच्या पानाला आपोआप सुधारलेलं दिसतं.

आणि एक प्रकार ज्याला इलाज नाही. बियातून बाहेर पडतानाच रोप पूर्ण पांढरं किंवा पिवळसर-पांढरं असेल तर त्याच्यात हरितद्रव्य बनवायची सोयच नसते. बियातला साठा आहे तोवर ते टवटवीत दिसतं आणि मग जातं. त्यात तुमची काही चूक नाही. पांढऱ्या पट्ट्यांबरोबर हिरवा भागही असेल तर मात्र ठेवा, ते जगू शकतं.

किती दिवस वाट बघायची

एका वेळी एकच गोष्ट बदला. जागा, कुंडी, माती, खत आणि फवारा एकाच रविवारी केलं तर रोप सुधारलं तरी का सुधारलं कळणार नाही आणि मेलं तर का मेलं तेही नाही. आणि पिवळं पान परत हिरवं होतंय का हे बघत बसू नका. नत्राचं थोडंफार परत हिरवं होतं, पालाश-मॅग्नेशियमच्या डागांचं नाही, करपलेल्याचं तर नाहीच. उपाय लागू पडला का ते फक्त पुढचं पान सांगतं, आणि पामचं रोप पानं देण्यात महाआळशी, कित्येक जातींमधे एका पानाला दोन-तीन महिने सहज लागतात.

तेवढा धीर नसेल तर मार्कर घ्या. मधल्या मिटलेल्या कोंबावर आणि त्याला लागून असलेल्या जुन्या देठावर आडवी, एकाच पातळीवर बारीक रेघ मारा. रोप जिवंत आणि वाढतं असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत कोंबावरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकलेली दिसते, चार-पाच मिलिमीटर सरकली तरी पुष्कळ, मग बाकीची पानं कशीही दिसू देत. उबदार दिवसांतही महिनाभर रेघ जागची हलली नाही तर कोंब दोन बोटांत धरून अगदी हलका वर ओढून बघा. घट्ट असेल तर थांबा, मुळं सावरताहेत. हातात निघून आला आणि बुडाला तपकिरी, लिबलिबीत, घाण वासाचा असेल तर वाढीचा डोळा कुजलाय, आणि एकाच खोडाचा पाम असेल तर ते रोप आता वाचणं अवघडच. ते बाजूच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, कोंबाच्या खाचेत पाणी जाऊ देऊ नका, वाटलं तर लेबल वाचून बुरशीनाशक घालून बघा, आणि ती माती दुसऱ्या रोपाला वापरू नका.